साडीवरून टोचलेली सुई

हे लिहायला कारणं दोन. एक, उलट्यांनी हैराण झालेली कुणी बाई उद्या सुई घ्यायला जाईल, तिचा पाय शाबूत राहावा. दुसरं कारण सूड. आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की शेवटच्या पानावर सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मी कुणाला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. त्या आशेनं वाचत असाल तर आधीच सांगून ठेवते.

मी परंड्याची. एसटी स्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, साडीला फॉल-पिको. मालक, म्हणजे माझे यजमान, पिठाची गिरणी चालवतात. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि शेजारच्या खोल्यांत धाकटी जाऊ संगीता. माहेर माझं तेरखेड्याचं, फटाक्यांच्या गावचं. मालक चेष्टेनं म्हणतात, दारूगोळ्याच्या गावची बायको करून पस्तावलो. पण तिकडच्या माणसाला एक गोष्ट नीट कळते. वात लांब ठेवली म्हणून ती विझत नाही, सावकाश जळत जाते.

ज्या डॉक्टरांमुळं हे झालं त्यांचं नाव मी लिहिणार नाही. परंड्यात ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्या पाटीवर नावापुढं अक्षरं पुष्कळ आहेत, त्यांचा अर्थ मला आजही माहीत नाही. इथं मी त्यांना मर्यादावाले डॉक्टर म्हणते, कारण बायका त्यांच्याकडं जायच्या त्या याच गुणासाठी.

मर्यादा म्हणजे काय

त्यांच्याकडं सुई घेताना बाईनं आडवं व्हायचं नसे. टेबलाला धरून, पाठमोरं उभं राहायचं. साडी सोडायची नाही, परकराची नाडी सैल करायची नाही. डॉक्टर भिंतीकडं बघत बघत कापडावरूनच टोचायचे. "लई मर्यादेचा माणूस. बाईच्या अंगाकडं बघत बी न्हाय," असं आत्याबाई सगळ्या गल्लीला सांगायच्या. लेकी-सुनांना लोक विश्वासानं त्यांच्याकडंच धाडायचे. मीही जायची. मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता मी परकर शिवणारी बाई आहे, म्हणून यातली गोम मी सांगते. कंबरेशी परकराचा नेफा असतो, त्यात नाडी, वर खोचलेल्या साडीचे पदर. कापड सगळ्यात जाड तिथं. सुई जिथं द्यायची ती बरोबर जागा त्या जाड कापडाच्या खाली झाकलेली असते, कुल्ल्याच्या वरच्या आणि बाहेरच्या कोपऱ्यात. नाडी सोडायची नाही म्हटल्यावर सुई आपोआप खाली सरकते, जिथं साडी पातळ लागते तिथं. आणि नेमकी तिथूनच पायाची मोठी शीर खाली उतरते. हे मला नंतर कळलं. त्यांना आधीपासून माहीत होतं की नाही, त्याचीच ही सगळी कथा आहे.

त्या दिवशी

लगीनसराई होती. एका लग्नघराची ब्लाउजं द्यायची होती आणि मी सकाळपासून नुसत्या चहावर. दुपारी डोकं ठणकायला लागलं, मग पित्त उसळलं. पाण्याचा घोटसुद्धा टिकेना. मालक गिरणी बंद करून आले, अंगावरचं पीठ झटकलं आणि म्हणाले, "चल, येक सुई घिऊन यू. लगीच बरं वाटंल."

आमच्याकडं गोळी दिली की डॉक्टरला काही येत नाही असं वाटतं. सुई पाहिजे. सुई टोचली म्हणजे उपचार झाला. मालकांचं यात काही चुकलं नाही, मीही तेच म्हणाले असते.

मी टेबलाला धरून उभी राहिले. अंगावर पिस्ता रंगाची साडी होती, बहिणीनं दिलेली. सुई उजव्या बाजूला आत गेली आणि कुल्ल्यापासून थेट अंगठ्यापर्यंत करंट गेला. गिरणीच्या उघड्या वायरला एकदा माझा हात लागला होता, अगदी तसा. मी ओरडले, "काढा! काढा आधी, पायात करंट गेला!"

"हलू नका बाई, झालंच. औषध जरा झोंबतंय," असं म्हणून त्यांनी उरलेलं सगळं औषध आत ढकललं.

बाहेर बाकड्यावर बायका बसल्या होत्या. दार उघडं होतं. मी हळू ओरडणारी बाई नाही.

उलटी मात्र थांबली. औषधाला मी नावं ठेवत नाही, त्यानं त्याचं काम चोख केलं. दवाखान्याचा उंबरा ओलांडून पायरीवर आले तर मालक म्हणाले, "अगं, चप्पल!" उजव्या पायातली चप्पल आतच राहिली होती आणि पायाला ते कळलंच नव्हतं.

शेक

घरी येऊन झोपले. उठले तेव्हा उजवं पाऊल वर येईना. खाली जायचं, वर यायचं नाही. पाय उचलला की पंजा लटकायचा आणि जमिनीवर फटाक् करून आपटायचा. पावलाच्या वरची बाजू बधीर, आणि मांडीच्या मागून आगीची रेघ.

मालक डॉक्टरांना घरी घेऊन आले. त्यांनी पाय लांबूनच बघितला. "सुईनं बधीर होतंय कवाकवा. गरम पान्यानं शेका, उतरंल." आत्याबाईंनी लगेच पाणी तापवलं. बधीर पायाला पाणी किती गरम आहे ते कसं कळणार? कातडी भाजली, मोठा फोड आला, आणि तो मला दिसला तेव्हा समजलं. दुखला नाहीच. त्या फोडाकडं बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, कारण जळूनही न दुखणारा पाय आपला राहिलेला नसतो.

सोलापूर

सोलापूरला नसांच्या डॉक्टरांकडं गेलो. वयस्कर होते. त्यांनी तळपायावर रेघ ओढली, अंगठा वर करायला सांगितला. मी सगळा जीव लावून वर केला आणि अंगठा जागचा हलला नाही. मग बारीक करंट देऊन शिरांची तपासणी झाली. हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, थोडंसंच लागेल." मी म्हणाले, "लागू द्या, लागलं तर आनंदच आहे."

कागद आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "सुई नेमकी कुठे दिली?"

मी हात लावून जागा दाखवली. त्यांनी चष्मा काढला.

"उभ्यानं?"

"व्हय."

"साडीवरून?"

"व्हय."

"आणि करंट गेल्यासारखं वाटलं, ते तुम्ही सांगितलं त्यांना?"

"वरडून सांगितलं."

त्यांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, "पायाची मुख्य शीर दुखावली आहे. सुधारेल. किती आणि कधी, ते मी सांगू शकत नाही."

"मशीन चालंल का मला?"

"कुठलं मशीन?"

"शिलाईचं. पायाचं."

ते पुन्हा कागदाकडं बघायला लागले. मला उत्तर मिळालं.

तरी त्या माणसानं एक चांगलं केलं. घाई न करता, स्वतःच्या कमरेवर हात ठेवून मला आणि मालकांना समजावलं. उलटीची सुई स्नायूत द्यायची असेल तर माणसाला झोपवायचं, म्हणजे अंग सैल पडतं. जागा डोळ्यांना दिसलीच पाहिजे, कापडावरून कधीच नाही. कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, किंवा कमरेच्या बाजूला हाडाच्या खाली, किंवा मांडीची बाहेरची बाजू. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं. आणि टोचताना पायात करंट गेला, मुंग्या आल्या, तर थेंबभरही पुढं न ढकलता सुई त्या क्षणाला बाहेर काढायची. "आणि बऱ्याचदा," ते म्हणाले, "साध्या पित्ताला सुई लागतच नाही. जिभेवर विरघळणारी गोळी पुरते."

परतताना कुर्डुवाडीच्या अलीकडं मालकांनी गाडी बाजूला घेतली आणि उसाच्या कडेला उभं राहून रडले. मी खाली उतरू शकत नव्हते, म्हणून काचेतून बघत बसले.

केळी

मर्यादावाले डॉक्टर मला भेटायला आले, केळी घेऊन. आत्याबाईंनी पाहुण्यांचे कप काढले. मी आतल्या खोलीत पडले होते, मधे फक्त पडदा.

"नशिबाचा भाग असतोय, आज्जी," डॉक्टर म्हणाले. "इतक्या वर्सांत कुनाला काय झालं न्हाय. यांच्या अंगातच वात असंल."

"व्हय की. तुमच्या हाताला येश हाय, सगळ्या गावाला ठावं हाय," आत्याबाई म्हणाल्या.

मी आतून म्हणाले, "म्या वरडले का न्हाय, डॉक्टर? तेवढं सांगा आत्याबाईस्नी."

कपबशीचा आवाज थांबला. "दुखल्यावर मानूस वरडतंयच," ते म्हणाले आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

आत्याबाई आत आल्या. "देवमानसावर आळ घिऊ नगंस. मेलं तर वर जाब द्यावा लागतोय." त्यांच्याशी मी कितीतरी दिवस बोलले नाही. एका घरात, एका चुलीवर, न बोलता. भाकरी त्या करायच्या, मी खायची, पण शब्द नाही. केळी मी गल्लीतल्या शेळीला घातली.

त्या दिवसांत माझ्या मनात काय चालायचं ते सांगते, कारण आजारी माणसाच्या मनात नुसती प्रार्थना असते असा गैरसमज आहे. मी डॉक्टरांना टेबलाला धरून उभं करायची आणि पोती शिवायच्या दाभणानं टोचायची. रोज. जेवण झालं की एकदा, झोपताना एकदा. ते ओरडायचे आणि मी म्हणायची, हलू नका, झालंच.

धाराशिवला रीतसर तक्रारही दिली. चौकशी चालू आहे असं सांगतात. बाकड्यावर बसलेल्या बायकांना मी विचारलं, मी ओरडले ते तुम्ही सांगाल का? दोघी माझ्याच गिऱ्हाईक. एकीनं पदर तोंडाला लावला. "न्हाय बाई, आमी काय ऐकलं न्हाय. पोरंबाळं त्येंच्याकडंच न्ह्यावी लागत्यात." तिचा ब्लाउज मी तसाच परत पाठवला, न शिवता. पाय गेला ते एक दुःख. पण मी ओरडलेच नव्हते असं गावानं ठरवलं, ते मला जास्त जाळत होतं. तेवढं एक डॉक्टरांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, असं मी ठरवलं.

धाराशिवची एसटी

व्यायाम धाराशिवला होता. बार्शीवरून एसटीनं जायचं. पायरी चढताना मी उजवा पाय हातानं उचलून वर ठेवायची. एक कंडक्टर होते, मी नीट बसल्याशिवाय घंटी मारत नसत, आणि मागं कुणी कुरकुर केली तर त्यालाच झापत. अशी माणसं भेटली की राग थोडा वेळ विसरायला होतो. थोडाच वेळ.

व्यायामाच्या मॅडम वयानं माझ्या भाचीएवढ्या. त्यांनी पायाला प्लॅस्टिकचा पट्टा दिला, पंजा लटकू नये म्हणून. त्यावर बूट. नऊवारी नेसणाऱ्या बायका एसटीत माझ्याकडं बघून हसायच्या, साडीखाली बूट म्हणून. व्यायाम म्हणजे काय, तर खुर्चीवर बसायचं आणि अंगठ्याला हुकूम द्यायचा. वर ये. तो येत नाही. पुन्हा हुकूम. शेजारी लकवा मारलेले एक आजोबा असायचे, चेंडू दाबत. आमची पैज लागलेली, आधी त्यांची करंगळी हलते की माझा अंगठा. त्यांची करंगळी जिंकली. त्यांनी मला पेढा दिला आणि म्हणाले, "रुसू नगंस पोरी, तुजा पाय हट्टी हाय, तुज्यासारका."

दुकान संगीतानं सांभाळलं. मी कापड बेतून द्यायची, ती शिवायची. तिची टीप अशी वाकडी जायची की बघवत नसे. पण तिनं एकदाही कंटाळा केला नाही. माझ्या मशीनवर दुसऱ्याचा पाय चाललेला मला सहन होत नसे, म्हणून मी तिच्यावर विनाकारण खेकसायची. ती म्हणायची, "बोला ताई, मनात ठिवू नका, टीप आनखी वाकडी जाईल."

फिरायला

मॅडमनी सांगितलं, रोज सपाट रस्त्यावर चाला. सपाट रस्ते परंड्यात बरेच आहेत. किल्ल्याच्या बाजूला तर सकाळी चिटपाखरू नसतं. मी मात्र बाजारातला रस्ता निवडला, मर्यादावाल्यांच्या दवाखान्यावरून जाणारा, आणि वेळ निवडली ती बाकडी भरलेली असतानाची.

दवाखाना जवळ आला की मी कडेला बसून पट्टा काढायची आणि पिशवीत टाकायची. मॅडमना हे माहीत नव्हतं, आज कळेल. तुम्ही असं करू नका, ठेचकाळून पडाल. मी दोनदा पडले. पण पट्टा असला की आवाज होत नसे, आणि मला आवाज पाहिजे होता. फटाक्. फटाक्. दवाखान्यासमोरून त्या टोकापर्यंत, मग वळून परत.

बाकड्यावरच्या बायका विचारायच्या, "काय झालं वो पायाला?"

"सुई घेतली हुती."

"कुटं?"

मी नुसती दवाखान्याच्या दाराकडं बघायची आणि पुढं चालू लागायची.

पहिल्यांदा डॉक्टर वर बघायचे. मग बघेनासे झाले. मग दार अर्धं लोटून घ्यायला लागले. एक दिवस पाहिलं तर त्यांनी खुर्चीच फिरवली होती, रस्त्याकडं पाठ करून. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. पावसात गेले, उन्हात गेले, ताप असताना गेले. दिवाळीत सगळीकडं फटाके वाजत होते तेव्हाही मी जाऊन माझे दोन वाजवून आले.

आणि तिथंच घात झाला. इतकं चालल्यानं पाय सुधारायला लागला. एका सकाळी अंगठा हलला, जरासा. मी संगीताला हाक मारली, आम्ही दोघी अंगठ्याकडं बघून रडलो. पुढं पंजा उचलायला लागला. आणि एक दिवस दवाखान्यासमोरून गेले, तर आवाजच झाला नाही. पाऊल बऱ्यापैकी नीट पडत होतं. खरं तर देवाला नारळ फोडायचा दिवस. पण मी खट्टू झाले, भांडण अर्ध्यावर सोडून यावं लागल्यासारखी.

तेवढ्यात डॉक्टर स्वतः दारात आले. कितीतरी दिवसांनी. चारचौघांत मोठ्यानं म्हणाले, "बघा! म्हनलं नव्हतं, आपोआप येतंय? आमच्या हातानं कुनाचं वाईट हुत न्हाय."

बाकड्यावरच्या बायकांनी माना हलवल्या. माझा पाय, माझा घाम, माझ्या एसटीच्या खेपा, आणि श्रेय यांना!

खडू

त्यानंतर पुन्हा लगीनसराई आली, पुन्हा माझं पित्त उसळलं. उलट्या सुरू झाल्या. मालक म्हणाले, "बार्शीला जाऊ." मी म्हणाले, "न्हाय. त्येंच्याकडंच."

"येडी झालीस का?"

"व्हय."

जाताना दुकानातला कापडावर खुणा करायचा खडू मी पदराच्या टोकाला बांधला. आत्याबाईही निघाल्या. मी शेवटी त्यांच्या देवमाणसाकडं चालले याचा त्यांना आनंदच होता. संगीताही आली.

दवाखाना भरलेला. डॉक्टर मला बघून उभेच राहिले. मी कडेच्या लांब बाकड्यावर आडवी झाले. तिथं बसलेल्या बायका उठल्या.

"उलट्या हुत्यात," मी म्हणाले. "सुई द्या. पर यंदा झोपून. आनी साडीवरून न्हाय."

"बाई, हितं सगळ्यांदेखत..."

"संगीता, धर आडोसा."

संगीतानं पिशवीतली चादर काढली. एक टोक तिनं धरलं, दुसरं आत्याबाईंच्या हातात दिलं. बाकीच्या बायका आपोआप बाजूला उभ्या राहिल्या. बाळंतिणीला आडोसा धरतात तसा झाला. आत आम्ही चौघंच. मी नाडी सोडली, नेफा खाली सरकवला आणि खडू त्यांच्या हातात दिला.

"आदी खून करा. सुई कुटं द्याची तिथं."

त्यांनी खूण केली. वरच्या बाजूला, बाहेरच्या कोपऱ्यात. अगदी बरोबर जागा, सोलापूरच्या डॉक्टरांनी दाखवलेली. मी मान वळवून बघितली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चुकीची खूण केली असती तर एक वेळ मी त्यांना अडाणी म्हणून सोडलं असतं.

"म्हंजे तुमाला ठावं हुतं."

"ठावं हुतं की," ते हळू म्हणाले.

"मग?"

"बाया लाजत्यात, बाई. नाडी सोडा म्हनलं की दुसऱ्या डॉक्टरकडं जात्यात."

"म्या लाजले नव्हते, डॉक्टर. म्या वरडले हुते."

तेव्हा चादरीचं टोक धरलेल्या आत्याबाई बोलल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांचा आवाज माझ्या बाजूनं आलेला वाटला.

"वरडली हुती का ती? करंट गेला म्हनून?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं नाही. आत्याबाईंकडं बघितलं. "व्हय, आज्जी. वरडल्या हुत्या."

"आनी तुमी सुई काढली न्हाय."

"न्हाय काढली."

चादरीपलीकडच्या बायकांनी ते ऐकलं. यावेळी कुणी म्हणू शकली नाही की ऐकलं नाही. आत्याबाईंच्या हातातून चादरीचं टोक सुटलं नाही, पण त्या रडायला लागल्या.

मी नेफा वर घेतला, नाडी बांधली. "सुई नगं. गोळी द्या, जिभंवर इरगळती ती." त्यांनी कपाटातून काढून दिली. ती होती त्यांच्याकडं, पहिल्या दिवशीही असणार. गोळी घ्यायला उठून बसले आणि पोटात इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं त्यांच्या बुटांवर आलं. मी मुद्दाम केलं नाही. पण माफीही मागितली नाही.

पडदा

निघताना त्यांना म्हणाले, हितं एक खाट टाका आणि पडदा लावा. ते "बगू" म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मला कळतं.

घरी येऊन पेटी उघडली. तळाशी ती पिस्ता साडी होती. त्या दिवसानंतर मी ती नेसले नव्हते, आणि टाकवतही नव्हती. सुईचं भोक शोधलं, सापडलं नाही. विणीत ते कधीच मिटून गेलं होतं. पण रक्ताचा डाग होता, मसुरीएवढा, तपकिरी झालेला.

ती साडी घेऊन मी दुकानात मशीनवर बसले. संगीताला बाजूला केलं. उजवा पाय पायट्यावर ठेवला. टाच खाली, पंजा वर. पंजा येताना जीव घ्यायचा, पण यायचा. चाक फिरलं. जरा शिवायचं, पाय धरून बसायचं, पुन्हा शिवायचं. संगीता दारात उभी होती. म्हणाली, "ताई, टीप वाकडी चाललीय." मी म्हणाले, "तुझ्यापरास सरळ हाय." पाय अजून पूर्ण आलेला नाही. थकला की आजही लटकतो, गारठ्यात दुखतो, जिन्यात दगा देतो. तुम्हाला असं झालं असेल तर एवढंच सांगते, हुकूम देत राहा, पाय बहिरा वाटतो, पण उशिरा का होईना ऐकतो.

पडदा घेऊन मी, संगीता आणि आत्याबाई गेलो. मालकांनी तारेचे हूक ठोकून दिले. डॉक्टर उभे राहून बघत होते. बाकडं भरलेलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. पडदा लागल्यावर त्यांनी त्याला हात लावला.

"ह्यावर डाग हाय."

"हाय. तुमच्या बाजूनं येतोय त्यो," मी म्हणाले. "बायांच्या बाजूला न्हाय."

आता बायका त्या पडद्यामागं लांब बाकड्यावर आडव्या होतात. नाडी सोडतात आणि विचारतात, हितंच ना? पुष्कळ जणी गोळीच मागतात. पडदा काढायची डॉक्टरांची हिंमत नाही, बायकाच काढू देणार नाहीत. परवा तो धुवायला घातला होता, असं संगीता सांगत आली. चांगला घासून घेतला, म्हणे, कंपाउंडरकडून.

घासू दे. शिवायच्या आधी मी त्या डागाभोवती लाल रिळाच्या दोऱ्यानं गोल टाका घातलेला आहे.